पाहुणीसाठी सजवलेला फळा

मित्रांनो, फळ्याला राग येतो का, असे तुम्ही विचाराल. येतो. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीतला जुना पांढरा फळा आहे. माझ्या अंगावर खोटे लिहिले गेले, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझा जन्म आनेकलजवळच्या एका छोट्या कारखान्यात झाला. देवाप्पा नावाच्या कारागिराने माझ्या गुळगुळीत पत्र्याला चौकट बसवली, माझ्यावरून हात फिरवला आणि कानडीत "सरी, सरी", म्हणजे ‘ठीक, ठीक’, असे स्वतःशीच पुटपुटला. मग टेम्पोतून मी या कंपनीत आलो.

इथे रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार होते. कोणत्या रुग्णाला कोणते औषध किती द्यायचे, हे ते सॉफ्टवेअर सांगते. माझ्यावर चार रकाने आखले गेले. करायचे, चालू, तपासणी आणि पूर्ण. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी असे. काम पुढे गेले की चिठ्ठी पुढच्या रकान्यात जाई. रोज सकाळी सगळे माझ्यासमोर उभे राहत, अडचणी सांगत, भांडत आणि हसतही.

तपासणीचा रकाना भार्गवीचा होता. ती इथल्याच राजाजीनगरातल्या जुन्या मराठी घरातली. एकदा नवीन मुलांना ती म्हणाली, "पोट दुखत असलं तरी काही पोरं हसून दाखवतात. सॉफ्टवेअर तसंच असतंय. स्वल्प टोचून बघायला लागतं." तिने टोचून पाहिल्याशिवाय एकही चिठ्ठी ‘पूर्ण’मध्ये जात नसे. त्या दिवसांत मला माझा फार अभिमान वाटे.

मग कामे वाढली आणि घाईही वाढली. नागपूरहून आलेला नंदकिशोर टीमचा प्रमुख झाला. तो वाईट माणूस नव्हता, पण वरून फोन आला की त्याचा चेहरा उतरे. सकाळचे उभे राहणे बंद पडले. तपासणीला वेळ मिळेनासा झाला. मला कॉफीच्या मशीनशेजारी ढकलून दिले. माझ्यावर जेवणाच्या ऑर्डरी आणि वाढदिवसाच्या केकची नावे येऊ लागली. तेही मी सोसले. केकचे नाव निदान खरे असते.

एके दिवशी बातमी आली. शमिका नावाची एक संशोधक पुण्याहून येणार होती. सॉफ्टवेअर कंपन्या कामाच्या ज्या पद्धती सांगतात, त्या खरोखर पाळतात का, हा तिचा अभ्यासाचा विषय होता.

नंदकिशोरने मला ताबडतोब बाहेर काढले. मला स्पिरिटने पुसले, पुन्हा चार रकाने आखले. रंगीत चिठ्ठ्या त्याने स्वतःच लिहिल्या आणि स्वतःच चिकटवल्या.

"उद्या सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहायचं. एकेकानं थोडं थोडं बोलायचं," तो म्हणाला.

"पण आपण असं करतच नाही ना आता?" भार्गवीने विचारले.

"अरे यार भार्गवी, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे! ती पाहून जाईल, आपलं नाव चांगलं होईल."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी देवाप्पाने मला घडवले होते का?

शमिका आली. सगळ्यांनी पाठ केलेले बोलून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग ती माझ्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "या सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच अक्षर आहे. एकच माणूस सगळी कामं करतो का?"

नंदकिशोर उगाच हसला.

शमिकाने ‘पूर्ण’मधल्या एका चिठ्ठीवर बोट ठेवले. तिच्यावर ‘लहान मुलांचे वजन’ असे लिहिले होते. "ही कोणी तपासली?"

भार्गवी पुढे आली. "कुणीच नाही. मी काल घरी बसून स्वतःहून बघितली. वजनातलं दशांशाचं टिंब मध्येच गळतंय. साडेतीन किलोचं बाळ सॉफ्टवेअरला पस्तीस किलोचं वाटतंय. त्या वजनावर औषध ठरतंय. आणि सोमवारी हे रुग्णालयात सुरू होणार आहे."

"हे तुमच्या अहवालात नको, मॅडम," नंदकिशोर घाईने म्हणाला.

"तुमचं किंवा कंपनीचं नाव मी कुठेच लिहिणार नाही," शमिका म्हणाली. "पण जे घडलं ते लिहीन. आणि अहवालाचं सोडा हो. त्या बाळांचं काय?"

भार्गवीने ती चिठ्ठी उचलली आणि ‘तपासणी’त लावली. नंदकिशोरने ती काढून परत ‘पूर्ण’मध्ये लावली. भार्गवीने पुन्हा उचलली. या वेळी तिने चिठ्ठीवर तळहात दाबून धरला. मग एकेक जण तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. कोणी त्यांना शिकवले नव्हते.

शेवटी नंदकिशोर खुर्चीत बसला. त्याने फोन हातात घेतला. मग त्याने रुग्णालयाला कळवले की सोमवारी सॉफ्टवेअर सुरू होणार नाही.

चूक दुरुस्त झाली. बाळे वाचली. कोणाला काही कळलेही नाही. पण नंतर काय झाले, ते ऐका. भार्गवीला ‘सर्वांशी जुळवून घेत नाही’ असा शेरा मिळाला. तिने नोकरी सोडली. आणि कंपनीने जाहिरातीत छापले, ‘आमच्याकडे संशोधकही अभ्यासाला येतात.’ सोबत माझा फोटो, रंगीत चिठ्ठ्यांसकट! संताप येणार नाही तर काय?

मित्रांनो, तुमच्या शाळेतही पाहणीला कोणी आले की भिंती सजतात, उत्तरे पाठ करून घेतली जातात. तेव्हा माझे एवढे ऐका. आम्हा फळ्यांना पुसा, हवे तर अडगळीत टाका, पण जे केले नाही ते केले म्हणून आमच्यावर लिहू नका. आणि गप्प बसलेल्या वर्गात एखादी मुलगी "हे खरं नाही" असे म्हणाली, तर तिला एकटी उभी ठेवू नका.