किनुची भाजी फुलली

डोंगरातल्या कामिनोरो गावात दर एप्रिलला एक बाई विळा घेऊन मेलेल्यांच्या घरी जाते. गेली काही वर्षं ती बाई म्हणजे इसाए.

काम सोपं. गावात माणसं मूठभर उरलेली, बाकी घरं मिटलेली. पण माणूस गेला म्हणून त्याच्या परसातली पालेभाजी जात नाही. सांडलेलं बी बर्फाखाली दम धरतं आणि बर्फ वितळलं की पिवळंधमक फुलतं. त्या फुलावरून उठलेली मधमाशी खाली सामाईक मळ्यातल्या लाल सलगमाच्या फुलावर बसली की संपलं. दोघं एकाच रक्ताचे, लगेच एक होतात. पुढच्या पिकाचं सलगम मग धड लाल नाही, धड गोल नाही. बाहेरचं बी या उतारावर धरत नाही, आणून पाहिलेलं. सलगम गेलं की हिवाळ्याचं लोणच्याचं पिंप रिकामं, आणि पिंप रिकामं झालं की उरलेली माणसंही मुलांकडे शहरात जाणार. मग मिटायला एकही घर उरणार नाही.

म्हणून विळा.

आणि विळ्याबरोबर एक रीत. ज्या घरचं फूल कापलं, ते त्याच घरच्या थडग्यावर ठेवायचं. ओढ्यात टाकायचं नाही, खताच्या खड्ड्यात नाही. कापलं तर पोचवायचं.

ओमोतेंच्या परसातलं ओमोतेंच्या थडग्यावर. "घ्या, तुमचंच आहे." कुवाजिमांच्या परसातलं कुवाजिमांच्या. "घ्या. यंदा कमीच आलं."

शेवटचं घर किनुचं. आणि तिच्या अंगणात फूल

*

कमरेएवढं होतं.

इसाए कुंपणापाशीच थांबली. ही सांडलेली चार रोपं नव्हती. ही किनुची भाजी होती.

किनु पल्याडच्या खोऱ्यातून लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या भाजीचं बी पुरचुंडीत बांधून घेऊन आली होती. लांब देठाची, पानावर बारीक लव, जिभेवर चुरचुरणारी. लोणच्याला एक नंबर. सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं: लाव, खा, पिंपात घाल. फुलू द्यायची नाही. किनुनं जन्मभर फुलू दिली नाही. बर्फाआधी सगळी उपटायची आणि बी दर वर्षी भावाकडून मागवायची. "माझी भाजी म्हणजे गावाची पाहुणी," ती हसत म्हणायची. "जेवायला चालते, मुक्कामाला नाही."

गेल्या शरदात उपटायच्या दिवसांत किनु दवाखान्यात होती. बर्फ पडलं. बर्फातच ती गेली. नागोयाहून लेक आली, आईच्या अस्थी घेतल्या, आणि मठातल्या भिक्षूंना बोलावून घराण्याचं थडगंही मिटवून गेली. "इथं उदबत्ती लावायला कोण येणार आहे, इसाए मावशी?" तिचंही खरं होतं. दगड हलवले, वर खडी पसरली.

इसाए अंगणात शिरली. एका झाडाचे देठ तिनं डाव्या मुठीत धरले, विळा लावला.

कुठं ठेवशील?

तिनं मागं वळून पाहिलं. दाराला फळ्या ठोकलेल्या. पायरी कोरडी. पायरीच्या मधोमध बसून बसून झिजलेली जागा.

कापशील गं. पण ठेवशील कुठं?

आवाज कानातून आला नव्हता. मुठीतून आला होता, देठातून हातात चढावा तसा. इसाएनं मूठ सोडली.

जन्मभर जिला फुलू दिलं नाही ती फुलली होती, आणि कापून पोचवायला पत्ता नव्हता. या एका घराचा कुठेच नाही. इसाए विळा टोपलीत ठेवून

*

खाली आली. मळ्याचा कारभार सेइगोकडे; ऐंशीकडे झुकलेला, फाटक्या तोंडाचा. तो बांधावर चहा पीत बसला होता.

"झाली का सगळ्या मेलेल्यांची हजामत?"

"झाली."

"सगळ्यांची?"

"तुमचीच तेवढी राहिलीय, सेइगोसान."

तो खो खो हसला, चहा सांडला. त्याच्या मागे सलगमाची फुलं वाऱ्यावर हलत होती. वारा वरून, किनुच्या घराकडून येत होता.

*

शेंगा. कोरडा पाऊस पडल्यासारखा आवाज. जूनमध्ये इसाए एकदा वर गेली, कुंपणाबाहेरूनच पाहिलं. शेंगा आपोआप तडकत होत्या आणि बी पायरीपर्यंत उडत होतं.

बघ, माझ्या घरात किती माणसं आली.

ती परत गेली नाही. खाली मळ्यात सलगमाचं बी झोडपून, पाखडून डब्यात भरलं. दाणे सारखे, काळसर, गोल. त्यांच्यात कोण आहे हे दाण्याकडे पाहून कुणालाच कळत नाही.

*

ऑगस्टला पेरलं. सप्टेंबरात विरळणी.

इसाए वाफ्यात वाकली आणि तिला लव दिसली. सलगमाचं पान गुळगुळीत असतं. हे नव्हतं. तिनं उपटलं. चार रोपांपुढे आणखी एक. उपटलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती वाफाभर शोधायची, उपटायची, टोपलीत तळाशी दाबायची. दुसऱ्या दिवशी त्याच वाफ्यात पुन्हा तशी रोपं दिसायची. ती काल नजरेतून सुटलेली होती की रात्रीतून आलेली, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

"इसाएसान, अहो, विरळणी चाललीय की सूड?" शेजारच्या ओळीतून फुसानो ओरडली. फुसानोची जीभ अख्ख्या गावाला ठाऊक. "ठेवा की चार. आपल्यालाही खायचंय हिवाळ्यात!"

इसाए हसली. उपटणं थांबवलं. त्या दिवशी घरी मिसोच्या कढणात तिनं टोपलीतली रोपं टाकली. पहिल्याच घोटाला जीभ चुरचुरली. समोर दुसरी वाटी मांडलेली पाहून ती दचकली. मग आठवलं, आपणच मांडली. तरीही कधी मांडली ते

*

निवड नोव्हेंबरात, पहिल्या बर्फाच्या आधी.

सगळं सलगम उपटायचं आणि पेंढ्यावर ओळीनं मांडायचं. आधी सगळ्यांनी हात पाठीमागे बांधून ओळीवरून एक फेरी मारायची, न बोलता. मग उत्तमातले उत्तम गड्डे बेणं म्हणून बाजूला काढायचे. ते खायचे नाहीत. ते परत मातीत जातात, बर्फ सोसतात, वसंतात फुलतात. उरलेलं माणसांचं. चांगलं तेवढं मातीला आणि डावं आपल्याला, या हिशोबावर हे गाव उभं होतं.

फेरी झाली. रंग ठीक होता, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. काही गड्डे जरा लांबोडे, इतकंच. मग सेइगो चाकू घेऊन बसला. बेण्याच्या प्रत्येक गड्ड्याची कड खरवडायची, चव बघायची, गोड निघालं तर ठेवायचं.

पहिलं गोड. दुसरं गोड. तिसरं त्यानं तोंडात घातलं आणि चावायचा थांबला.

"काय झालं?" फुसानोनं विचारलं. "दात पडला?"

त्यानं चाकू तिच्याकडे सरकवला. फुसानोनं एक काप जिभेवर ठेवला. चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू उतरली.

"ही किनु आहे," ती म्हणाली.

मग प्रत्येकानं एकेक काप घेतला. कुणी थुंकलं नाही. तोंडात किनु घेऊन सगळे उभे होते, तिच्या घरी चहाला गेल्यासारखे, ती आत काहीतरी आणायला गेलीय आणि आता येईल अशा थाटात. कुणीतरी तर दाराकडे बघावं तसं डोंगराकडे पाहिलं.

"म्हणजे तिच्याकडचं राहिलं," सेइगो जमिनीकडे बघत म्हणाला.

"थडगं नव्हतं," इसाए म्हणाली.

एवढंच. गाव लहान आहे, पुढचं सगळ्यांना कळलं.

"म्हणून काय," फुसानो म्हणाली, "म्हणून काय आम्हा सगळ्यांनाच तिचं थडगं करून टाकायचं?"

 मैत्रीण इसाएची होती. सलगम सगळ्यांचं होतं.

सेइगोनं बेणं म्हणून काढलेले गड्डे पुन्हा खाण्याच्या ढिगात ढकलले, गोड निघालेलेही. गोड आहे त्याच्या आत कोण आहे, कोण सांगणार? "यंदाचं काहीही मातीत जाणार नाही. यंदाचं बीसुद्धा चुलीत. गेल्या सालचं डब्यात थोडं आहे. एका पेरणीपुरतं. ते बिघडलं तर मग दुकानातलं सलगम खा आणि शहराचं तिकीट काढा." त्यानं चाकू पुसला. "आणि तिच्या अंगणात परत एकदा फुललं, परत सांडलं, तर विळा पुरायचा नाही."

"पुढच्या वर्षीपासून विळा माझ्याकडे द्या, इसाएसान," फुसानो म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"देईन," इसाए म्हणाली. "पण आज मीच जाते."

*

अंगण राहिलंच नव्हतं.

कुंपणापासून पायरीपर्यंत, पायरीच्या फटीतून, दाराच्या फळ्यांखालून आत, सगळीकडे लवदार हिरवं. ऐन लोणच्याच्या दिवसांतली कोवळी, ताठ. इसाए गुडघ्यांवर बसली आणि उपटू लागली. एक मूठ, झटका, बाजूला. एक मूठ, झटका, बाजूला.

पाहुणी निघाली म्हणायची.

"बडबड करू नकोस."

निदान चहा तरी पाज.

"माझे हात चिखलाचे आहेत."

कुंपणापाशी पावलं वाजली. फुसानो टोपली घेऊन आली होती. इसाए कुणाशी तरी बोलत होती हे तिनं ऐकलं असणार. दुसऱ्या टोकाला बसून तीही उपटू लागली. मुळं मातीतून सुटत होती.

"या पाल्याचं काय करायचं?" शेवटी फुसानोनं विचारलं. "कापलं तर पोचवायचं म्हणतात."

"फूल नाही हे. पाला आहे." इसाएनं पाठ ताठ केली. "किनु असती तर काय केलं असतं?"

"मीठ लावलं असतं. आणि माझं लोणचं कसं खारट होतं ते सांगत बसली असती."

"खारटच असतं तुमचं."

"बरं," फुसानो म्हणाली आणि नाक पुसलं.

टोपल्या भरल्या. उजेड उतरला. पायरीला लागून शेवटचं झाड उरलं, सगळ्यात मोठं. इसाएनं दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. आलं नाही. पाय पायरीला रोवून ओढलं. मान तुटावी तसा पाला हातात आला, मूळ आत राहिलं. मूळ राहिलं तर ते फुटणार. तिनं बोटांनी माती उकरली, मुळाचं टोक चिमटीत धरलं, मग मुठीत. ओढलं.

खालून कुणीतरी ओढलं.

जोरात नाही. ओळखीच्या माणसानं निघताना हात धरून ठेवावा तसं. माती गार होती, पण मुठीतलं मूळ गार नव्हतं.

"सोड ना गं," इसाए पुटपुटली.

तू सोड.

दोघींनीही सोडलं नाही. किती वेळ, कुणास ठाऊक. मग इसाएला कळलं की ओढ आपल्याच हाताची आहे. एवढ्या महिन्यांत विळा परत नेताना, वाफ्यात उपटायची थांबताना, दुसरी वाटी मांडताना किनुला धरून ठेवलं होतं ते तिनंच. तिनं मूठ ढिली केली नाही. मनातलं काहीतरी ढिलं केलं आणि ओढलं.

मूळ सरळ वर आलं. इसाए मागे पडली, पाठीवर, उपटलेल्या पाल्यावर.

"आलं?" फुसानोनं विचारलं.

"आलं."

फुसानो उठून आली. तिनं खड्ड्यात पाहिलं नाही. पायानं माती आत सारली आणि दोनदा घट्ट दाबली.