मापाचं पाणी

मित्रांनो, मुखेडजवळच्या एका खेड्यात, लिंबाच्या सावलीला एक पांढरी कार उभी असते. तिच्या पोटात राहणारी मी एक जुनी बॅटरी. माझ्यात सहा खोल्या आहेत. खोलीखोलीत शिशाच्या पट्ट्या आम्लाच्या पाण्यात बुडून उभ्या असतात. पट्ट्या आणि पाणी आपसात कुजबुजतात आणि त्या कुजबुजीतून वीज जागी होते. चावी फिरली की सारा जीव एकवटून मी इंजिनाला पहिला धक्का देते. मग धावता धावता इंजिन मला पुन्हा भरून टाकतं. आमची ती फुगडीच!

गाडी गुरुबसप्पांची, पण धावते त्यांच्या बायकोसाठी, गंगम्मासाठी. तिची मूत्रपिंडं थकली आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी नांदेडला जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं. वार चुकला तर अंगात पाणी साठतं, श्वास अडतो. म्हणून तिचं पाणीही मोजकंच. गुरुबसप्पा स्टीलच्या पेल्यानं मोजून द्यायचे आणि देताना दुसरीकडे बघायचे. ती गुणगुणते,

तहानेच्या वाटेवरी, घोट घोट मी चालते
मापाच्या ग पेल्यामधी, सारी गोदाई पाहते

उन्हाळ्यात माझंही पाणी आटत गेलं. गुरुबसप्पांनी झाकणं उघडली आणि तांब्यानं बोअरचं पाणी काठोकाठ ओतलं. "पी बाई, तू तरी पोटभर पी," ते पुटपुटले. असं त्यांनी कितीदा तरी केलं. मला कळत होतं. तिला देता येत नव्हतं, ते सारं माझ्यात ओतत होते. पण त्या पाण्यातले क्षार माझ्या पट्ट्यांवर बसत गेले. उतू गेलेल्या आम्लानं तारा जोडायच्या टोकांवर पांढरट बुरशीसारखा थर धरला.

आणि एका शुक्रवारी सकाळी चावी फिरली. टक्. पुन्हा टक्. मी जोर लावला, पण वीज त्या थरातच अडली. मागच्या सीटवर गंगम्माचा श्वास मला ऐकू येत होता. मित्रांनो, तेव्हा मला रडता आलं असतं तर!

शेजारचा अंगद ट्रॅक्टर घेऊन धावत आला. त्यानं माझी टोकं खरवडली, ट्रॅक्टरच्या बॅटरीची लाल तार माझ्या लाल टोकाला जोडली, काळी तार शेवटी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली. इंजिन धडधडलं. "काका, नांदेड येईपर्यंत बंद करू नका बरं!" तो ओरडला. आम्ही उशिरा पोचलो, पण पोचलो.

परतताना मुखेडला रविकिरण मिस्त्रीनं मला तपासलं.

"मामा, बोअरचं पाणी घातलं का हिला?"

"मग काय! लई गोड पाणी हाय आमचं."

"माणसाला गोड असंल. हिला डिस्टिल्ड वॉटरच लागतंय. पट्ट्या बुडल्या पायजेत, पण वरच्या रेघेच्या वर थेंब न्हाई."

गंगम्मा हसली. कितीतरी दिवसांनी. "अवो, मला पेल्यानं आन् हिला तांब्यानं! माझ्या वाटचं समदं हिलाच पाजून राहिलाव व्हय?"

गुरुबसप्पांनी उपरणं डोळ्यांना लावलं.

मिस्त्रीनं खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं माझी टोकं पुसली, कोरडी केली, व्हॅसलिन लावलं. "दमली हाय. पण जपलं तर एखादा पावसाळा काढंल."

तर मित्रांनो, आम्हांला जपा. माया करा, पण आमची तहान विचारून करा. गाडी पडून राहू देऊ नका, दिवे विसरू नका. माझ्यात आम्ल आहे, म्हणून झाकणाला मोठ्यांनीच हात लावावा, आणि जवळ काडी कधी पेटवू नये.

आता गुरुबसप्पा चष्मा लावून रेघेशी डोळा आणतात आणि बाटलीतून थेंब थेंब सोडतात. मग हात धुऊन गंगम्माचा पेला भरतात. हल्ली दुसरीकडे बघत नाहीत. तिच्यासमोर बसतात.

"भागली का तहान?" ते विचारतात. तिला की मला, कुणास ठाऊक.

ती नुसती हसते. मी शुक्रवारी सकाळी उत्तर देते, पहिल्याच चावीला.