मोडलेल्या खुंटीचा कोन

मित्रांनो, ज्या माणसाने माझी खुंटी मोडली, त्यालाच तुम्ही रोज उभे राहून नमस्ते म्हणता. म्हणा बापडे.

मी एक जुनी तारेची चौकट आहे. विज्ञानाच्या कपाटात सर्वांत थोरली. कितीतरी भिंगे माझ्या डोळ्यांदेखत आली आणि फुटली. एका सुताराने मला घडवले. चार पट्ट्या, भोवती तांब्याच्या तारेचे शंभर वेढे, आणि वरच्या पट्टीच्या मधोमध, लाकडाशी काटकोनात पुढे आलेली पितळी खुंटी. "कोन मोजायचा तो या खुंटीपासून. लाकडापासून नाही," असे तो बजावून गेला होता.

मी काही शिकलेली नाही. पण चुंबकाच्या न दिसणाऱ्या रेषा माझ्यातून किती गेल्या, ते मला कुणी सांगायला नको. चुंबकांच्या मधे समोरासमोर उभी राहिले की सगळ्या रेषा माझ्या पदरात. कड करून उभी राहिले की हाती भोपळा. मग मला झटक्यात बाहेर ओढतात आणि माझ्या तारेला जोडलेल्या यंत्राचा काटा उडी मारतो. जितक्या रेषा, तितकी उडी. पुरती म्हणजे चाळीस घरे.

विज्ञानाच्या सरांनी एकदा आपला ओला कोट माझ्या खुंटीवर टांगला. खुंटी गेली. तेव्हापासून सर कोन लाकडापासून मोजू लागले, आणि वर्गही तसाच.

एक शिंप्याची मुलगी तेवढी निराळी. बापाने तिला सांगून ठेवले होते, "या परीक्षेत नापास झालीस तर शाळा बंद, मशीनवर बसायचं."

प्रयोगाच्या परीक्षेत सरांनी मला तिरके ठेवले. लाकूड आणि रेषा यांत तीस अंश. मुलीने खुंटीच्या जागी पेन्सिल उभी धरली, तिच्यापासून कोन मोजला आणि साठ लिहिले.

"तीस आहे ते," सर म्हणाले.

"सर, तीस धरले तर काटा पस्तिसाच्या आसपास जायला हवा. तो विसावरच थांबतोय. चाळिसाच्या निम्मा, म्हणजे कोन साठच."

"काटा बिघडलाय! शिंप्याची पोर मला माप शिकवते!"

वर्ग खो खो हसला. सरांनी तिला शून्य दिले. ती नापास झाली.

पुढच्या वर्षी बाहेरून तपासनीस आले. मला हातात घेऊन त्यांनी विचारले, "हिची खुंटी कुठंय? कोन कशापासून मोजता?" सरांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यावर काडी चिकटवली आणि तोच कोन साठ म्हणून शिकवला. मुलीच्या शून्याबद्दल मात्र ब्र काढला नाही.

काल ती प्रयोगशाळेच्या पडद्यांची मापे घ्यायला आली होती. गळ्यात टेप, बोटांना सुईची टोचणी. सर टेबलाशी बसून मला पुसत होते.

"वा! माप अगदी अचूक घेतेस हं," ते हसून म्हणाले.

तिने टेप गुंडाळला. "येते, सर," एवढेच बोलली आणि गेली.

मित्रांनो, माझी काडी तुम्ही जपा. मी जन्मात कुणाला उलटून बोलले नव्हते. काल बोलले, आणि चांगली मोठ्याने.

"सर, चुकलात तोवर अडाणी होतात. अडाण्याला मी माफ करते. पण खरा कोन कळल्यावर तिच्या घराची पायरी चढला नाहीत, त्या दिवसापासून तुम्ही चोर आहात. खाली ठेवा मला."