मासे न मारणारी माणसं

कोंबड्याच्या मानेची पिसं. टोकाला तांबूस, मुळाशी पांढरी.

नाक्यावरच्या वडाला ठोकलेली पाटी : पाहुणे आहेत तोवर खाडीच्या तोंडाशी कृपया जाळी टाकू नयेत.

बर्फातली सुरमई.

टाळ्या.

"तांबोशी मिळंल काय गो?"

हे सगळं एकाच दिवसाचं. सांगायला बसले की डोकं अजून तापतं, म्हणून मागचं पुढे झालं तर होऊ दे.

शेवटचं वाक्य आबांचं. आबा म्हणजे माझे सासरे. टायफॉइडमधून उठले, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. पेज पुढे ठेवली की भिंतीकडे तोंड. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर माझी औषधं काय करणार? आणि त्या सकाळी त्यांनी आपणहून मागितलं. तांबोशीचं कालवण, आपल्या खाडीतल्या तांबोशीचं.

पाटी उन्मेषदादांची. त्यांनी दोन हजार चार साली कलमांच्या बागेतलं घर रंगवून त्याचं लॉज केलं. तिथला स्वयंपाक माझ्याकडे. नवरा मुंबईला, त्याचं फेकजाळं खुंटीला. आणि गावाने उन्मेषदादांचा शब्द पाळलेला, त्यामुळे खाडीत जाळं म्हणून नाही.

खाडीत फक्त पाहुणे. पुण्या-मुंबईचे नऊ जण, सगळ्यांच्या टोप्या एका रंगाच्या. लांब काठी, तिची दोरी चाबकासारखी मागे-पुढे भिरकवायची, टोकाला गळ आणि गळावर पिसं बांधून केलेला खोटा मासा.

ती पिसं माझ्या कोंबड्याची! त्यांचे पुढारी देवदत्त साहेब आदल्या दिवशी स्वयंपाकघरात आले. "वहिनी, मानेची पिसं टाकू नका हं. अशी दुकानात मिळत नाहीत." कोंबडा मी वाढवलेला. रस्सा सगळ्यांनी दोनदा घेतला. कोंबड्याबद्दल कोणाला काही वाटलं नाही.

सकाळी चहा देताना मी सहज विचारलं, "आज मासे मारायला कुठे?"

"मारायला नाही हो, मावशी!" अपूर्वा मॅडम दचकल्याच. (मला मावशी. स्वतः माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या.) "आम्ही पकडतो आणि सोडून देतो."

"सोडायचा तर धरायचा कशाला?"

"खेळ आहे तो."

"मासा पण खेळतो?"

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. आमच्याकडे मासे मारतात. खायला मारतात, विकायला मारतात. ह्यांच्या कामाला आमच्या भाषेत शब्दच नाही, म्हणून मी एक शोधला : मासे छळणं.

दुपारी धक्क्यावर जेवण घेऊन गेले तर ओरडा चाललेला. देवदत्त साहेब कमरेएवढ्या पाण्यात, काठी धनुष्यासारखी वाकलेली. बऱ्याच वेळाने वर आली ती तांबोशी. तांबडीलाल, माझ्या हाताएवढी. ओठात गळ, गळावर माझा कोंबडा.

डबे खाली ठेवून मी पाण्याच्या कडेला गेले.

"साहेब, ही मला द्या. घरी सासरे आजारी आहेत. किती दिवस जेवलेले नाहीत, आज तांबोशी मागितली त्यांनी."

"आधी फोटो," कोणीतरी म्हणालं. फोटो झाले.

"वहिनी, समजून घ्या. आमचं तत्त्व आहे. एकही मासा मारायचा नाही."

"तुम्ही नका मारू. मी मारते."

"तसं नसतं ना ते."

"तत्त्वाचं कालवण होत नाही, साहेब. आणि पिसं माझी आहेत. अर्धी तांबोशी तरी माझी."

"राही!" उन्मेषदादांनी डोळे वटारले. "पाहुणे आहेत. बाजारातून आणून देतो मी तुला."

बाजारातून! सकाळी मिरकरवाडा बंदरावर लॉजची मासळी आणायला गेलेल्या जीपवाल्याला मी तांबोशीच सांगितली होती. लिलावात आलीच नाही म्हणाला, बर्फातली सुरमई घेऊन आला.

देवदत्त साहेबांनी बारीक चिमट्याने गळ काढला. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं दोन्ही हातांवर तिला पाण्यात धरलं, हळूहळू झुलवलं. तिच्यात दम आला. शेपटी हलली. गेली.

टाळ्या. अपूर्वा मॅडमनी डोळे पुसले. मासा जगला म्हणून.

माझ्या घरचा माणूस जगतो की नाही, हे कोणी विचारलं नाही. मी तिथेच उभी होते, डबे पायाशी, वरणावर झाकण.

संध्याकाळी सुरमई तळली. नऊ माणसं, दुसऱ्या वाढपाला तुकडी उरली नाही. देवदत्त साहेब बोटं चाटत म्हणाले, "वा वहिनी! ताजी आहे ना?"

"ही कोणी मारली, साहेब?"

देवदत्त साहेबांनी ताटातला काटा बाजूला काढला. मग एक जण म्हणाला, "मावशी जाम विनोदी आहेत हं," आणि सगळ्यांना हसायची सोय झाली.

मी झारा तव्यातच टाकला, पदराला हात पुसले आणि निघाले. उन्मेषदादा फाटकापर्यंत मागे आले. "अगं, भात कोण वाढणार?"

"सोडून द्या," मी म्हटलं. "तत्त्व आहे."

वाटेत वडाची पाटी उपटली. घरी चुलीत घातली. तिच्यावर पेज गरम झाली.

"गावली?" आबांनी विचारलं.

"नाय."

त्यांनी पेजेकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या सकाळी, तांबोशी मागायच्या आधी, आबांनी कवळी घासून तोंडात बसवली होती.