मिरचीची खूण

इसिंग पान उलटणार, इतक्यात चोलेंगनं पंखा धरलेला हात वर केला.

“थांब. आता तो विमानतळावर धावत येणार.”

इसिंगनं पान उलटलं. आला होता. घामाघूम, हातात फुलं, शर्टाची वरची बटणं उघडी.

“किती बटणं?”

“तीन, मानांग.” वयानं मोठ्या चोलेंगला इसिंग मानानं तसं म्हणायची.

“मागच्या महिन्यात दोन होती. गोष्ट तीच राहते, बटणं तेवढी वाढतात.”

बाकावर बसून वाचणाऱ्या दोघी फिस्सकन हसल्या. ओतोन गावच्या बाजारात, सुक्या मासळीच्या रांगेमागे इसिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन फळ्या, एक बाक आणि दोरीला चिमट्यांनी लटकवलेल्या प्रेमकादंबऱ्या. बाकावर बसून वाचा, नाहीतर दोन दिवस भाड्यानं घरी न्या. सगळ्यांच्या मुखपृष्ठावर तीच मिठी आणि तोच समुद्र. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये, म्हणून प्रत्येक बाई शेवटच्या कोऱ्या पानावर आपली खूण करून ठेवायची. कुणाची चांदणी, कुणाचा मासा. चोलेंगची मिरची.

बाकीच्या खूण करून मोकळ्या व्हायच्या. चोलेंग मिरचीखाली दोन ओळी लिहायची, पुस्तकाबद्दलचं आपलं मत. वीस वर्षं लिहीत आली होती. बायकांना त्याची इतकी सवय झाली होती की पुस्तक हातात घेतलं की आधी ते मागून उघडायच्या आणि मिरची काय म्हणते ते बघायच्या. पुढे साखरेनं चोलेंगचे डोळे नेले. तेव्हापासून दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की इसिंग तिला वाचून दाखवायची, मतही लिहून घ्यायची आणि मिरचीही काढायची.

“लिही, इंदाय. नायकाला कामधंदा नाही, तरी मोटारी तीन. नायिका मोलकरीण आहे म्हणे, पण दीडशे पानांत एकदाही भांडं घासत नाही. रडायचं असेल तर न्या, विश्वास ठेवू नका.” इसिंगला ती इंदाय, म्हणजे पोरी, म्हणायची.

इसिंगनं लिहिलं. चोलेंगनं थर्मासमधून दोन पेले सालाबात ओतलं. आल्याचा तो कढत काढा सगळं गाव साखर घालून पितं. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरनं साखर बंद केली, तेव्हापासून चोलेंग त्यात चिमूटभर मीठ टाकायची. पहिल्या घोटाला इसिंगनं तोंड वेडंवाकडं केलं होतं. आता तिला तेच आवडायचं.

“आलं का गं ते?” चोलेंगनं विचारलं. रोज विचारायची.

ते म्हणजे नटी वेरोना आल्काराझचं आत्मचरित्र. मनिलाहून पार्सल आलंच नाही, असं इसिंग नऊ दिवस सांगत होती. पुस्तक नऊ दिवस फळीखाली कागदात गुंडाळून पडलं होतं. इसिंगनं ते दोनदा वाचलं होतं, अगदी डोळ्यांत तेल घालून. निसा त्यात कुठेही नव्हती.

निसा, म्हणजे लिओनिसा, चोलेंगची एकुलती एक मुलगी. एकोणिसाव्या वर्षी मनिलाला गेली, वेरोनाच्या घरी कामाला. अकरा वर्षं त्या नटीच्या डोक्यावर छत्री धरली, तिचे कपडे सांभाळले, तिच्या गोळ्यांच्या वेळा पाळल्या. नऊ वर्षांपूर्वी शूटिंगच्या गावी डासांचा ताप झाला आणि निसा पेटीतून घरी आली. सोबत माणसाएवढं उंच पुष्पचक्र आलं, त्याच्या फितीवर सोनेरी अक्षरांत नाव होतं, वेरोनाचं. फोनही आला होता, चोलेंगला आई म्हणत. “नानाय, निसा मला बहिणीसारखी होती. तिला मी जन्मात विसरणार नाही.” बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. त्यानंतर साधी चिठ्ठीही आली नाही.

कबरस्तानात पेटीसाठी भिंतीतला कप्पा मिळतो तो पाच वर्षांपुरता, पुढे भाडं भरावं लागतं. मुदत सरली तेव्हा चोलेंग डोळ्यांसाठी इस्पितळात होती. परत येऊन बघते तर निसाची हाडं सगळ्यांच्या हाडांत गेलेली, आणि नावाची फरशीही कुठे गेली ते कुणाला सांगता आलं नाही. जगात त्या मुलीचं नाव लिहिलेलं म्हणून कुठे उरलं नाही.

आणि यंदा टीव्हीवर वेरोना म्हणाली, मला घडवणारे सगळे या पुस्तकात आहेत.

“सगळे म्हणाली ना?” चोलेंगनं बाजारभर विचारून खात्री करून घेतली होती.

“आलं,” इसिंग आज म्हणाली. तिची तयारी झाली होती.

चोलेंगनं पेला खाली ठेवला. झग्याला हात पुसले, पुस्तक मागून घेतलं, हातावर त्याचं वजन जोखलं, कागदाचा वास घेतला.

“जाड आहे. खोटं बोलायला जागा भरपूर. वाच.”

तीन दुपारी वाचन चाललं. नट्यांची आत्मचरित्रं चोलेंगला नवी नव्हती. मागच्या वर्षी एका गायिकेचं आलं होतं, त्यावर तिचं मत होतं, ‘गरिबीची ऐंशी पानं, पण तांदूळ कुणाकडून उसना आणला ते बाईला आठवत नाही.’ एका सौंदर्यवतीच्या पुस्तकावर होतं, ‘नवऱ्याला तीनदा माफ केलं आणि चौथ्यांदा पुस्तक लिहिलं.’ वेरोनालाही तिनं सोडलं नाही.

“सोळाव्या वर्षी उपाशी होती म्हणते, आणि त्याच पानावर दात नीट करून घेते. अगं बाई, दातांना पैसे कुणी दिले?”

“ते नाही लिहिलंय, मानांग.”

“तेच तर वाचायचं होतं.”

बोलणं असं, पण पंख्याची पकड दिवसेंदिवस घट्ट होत होती. नवं प्रकरण सुरू झालं की ती पुढे सरकून बसायची. एकदा कुठे ‘माझी मुलगी’ असा शब्द आला, तर तिचा हात इसिंगच्या मनगटावर आला. पुढे कळलं, वेरोना आपल्या मोटारीला तसं म्हणते. चोलेंगनं हात काढून घेतला आणि एकही टोमणा मारला नाही. इसिंगला त्याचंच फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दुपारी पान एकशे सेहेचाळीस आलं. आभाराचं प्रकरण. केस विंचरणारा, वकील, दोन दिग्दर्शक, मग पाच कुत्रे, पाचांची नावं आणि कुणाला काय खायला आवडतं तेही. इसिंगनं सगळं वाचलं. मग कोऱ्या समासावर बोट ठेवलं आणि आवाज न बदलता पुढे वाचू लागली.

“आणि निसा. लिओनिसा, ओतोनची. शूटिंगच्या गार पहाटे ती माझ्यासाठी सालाबात करून आणायची, त्यात चिमूटभर मीठ. तो पेला तिच्या हातून घेतल्याशिवाय माझ्या तोंडून एक वाक्य नीट निघायचं नाही. ती गेल्यावर मी सालाबात सोडलं.”

चोलेंगचा पंखा थांबला. बाकावरच्या बाईनं पुस्तकातून मान वर केली.

“पुन्हा वाच.”

इसिंगनं पुन्हा वाचलं. शब्दन् शब्द तोच आला. नऊ दिवस ती तो घोळवत होती. चोलेंगच्या ओठांवर हसू आलं, अगदी तरुण बाईसारखं, आणि इसिंगला वाटलं, झालं, जमलं. मग ते हसू हळूहळू ओसरलं. चोलेंगनं चाचपडत पेला शोधला, एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

“उरलेलं वाच,” ती म्हणाली.

उरलेली पानं संपली. इसिंगनं पेन उघडलं, शेवटचं कोरं पान काढलं. एरवी पेनाचं टोपण निघायच्या आत मत तयार असायचं. आज चोलेंग पेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

“काय लिहू, मानांग?”

“लिही. कुत्रे खरे आहेत.”

इसिंगनं लिहिलं.

“माणूस एकही नाही.”

पेन थांबलं. “असं काय म्हणता? निसा आहे की. पान एकशे सेहेचाळीसवर.”

“ते फार चांगलं लिहिलंय गं,” चोलेंग म्हणाली. “अख्ख्या पुस्तकात तेवढंच. म्हणून तर.”

“नटी झाली म्हणून काय माणूस नाही? आठवलं असेल तिला.” इसिंगचा आवाज उगीच चढला.

“जी बाई आपली आई चहा पिते की कॉफी ते सांगू शकत नाही, तिला पेल्यातलं मीठ आठवेल?” चोलेंग हळू बोलत होती, बाकावरच्या बाईला ऐकू जाऊ नये अशी. “आणि मीठ कसलं, इंदाय? मीठ मी माझी साखर बंद झाल्यावर टाकायला लागले. निसाला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मिठाचं सालाबात पिणारी जगात दोनच माणसं. एक मी.”

नऊ दिवस इसिंगनं शब्द तोलले, आवाज तोलला, आणि साधा हिशेब सुचला नाही. माफी मागायची तर कशाची मागायची, तेही तिला कळेना. तिनं पेनानं मिरचीचं देठ काढायला घेतलं, निदान हातांना काम म्हणून.

चोलेंगला पेनाची खसखस ऐकू आली. तिनं हात पुढे करून इसिंगचा हात पानावरच दाबून धरला.

“मिरची नको काढूस.”

“का? तुम्ही वाचलंय ना हे.”

“खूण असली की तू मला ते पुन्हा देणार नाहीस.”

तिनं थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं, पिशवी खांद्याला लावली आणि उभं राहण्यासाठी फळीचा आधार घेतला. बाजारात दुपारचं ऊन पार आतपर्यंत आलं होतं.

“महिन्याभरानं दे,” ती म्हणाली. “एकशे सेहेचाळीसवं पानच फक्त वाच. मीठ काढून टाक त्यातलं. निसा तांदळाची कॉफी करायची. तांदूळ पार काळे होईपर्यंत भाजायची, आणि मग सगळ्या घरात धूर.”