वंदनाचं तेवढं

बद्रीअण्णांनी डीव्हीडी सदऱ्याच्या टोकाला घासायला घेतली, तशी दीपमालानं ती सासऱ्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

"अण्णा, गोल गोल न्हाई पुसायची. मधून बाहेर पुसायची. चरे पडतेत."

"पडू दे चरे. त्या लग्नात जपून ठेवण्यासारखं हाय तरी काय?"

सुनेनं चष्म्याच्या मऊ फडक्यानं ती पुसली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरून पाहिली आणि कॉम्प्युटरच्या कप्प्यात ठेवली. कप्पा आत गेला आणि घरघरायला लागला. रिकाम्या कव्हरवर गुलाबाच्या भल्यामोठ्या फुलात नवरानवरी बसवलेली होती आणि खाली, नवऱ्यामुलाच्या नावापेक्षा ठळक अक्षरांत, नवरीच्या बापाचं नाव होतं. बद्रीअण्णांनी ते कव्हर दोन बोटांनी उचललं, पाहिलं आणि पालथं घातलं. भुजंगची मिजास भुजंगच्या खर्चानं छापलेली, दुसरं काय.

भुजंग म्हणजे त्यांचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, वंदनाचा नवरा. सोळा वर्षांपूर्वी घनसावंगीकडच्या गावात त्यानं पोरीचं लग्न केलं आणि त्याची एकेक डीव्हीडी प्रत्येक पाहुण्याच्या घरी धाडली. परतूरला आलेली ती तेव्हापासून बद्रीअण्णांच्या कपाटात पडून होती. त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. पाहायची गरजच काय? आपला अपमान झाला त्या जागी माणूस स्वतः हजर होता, त्याला आणखी कोणी दाखवायचं?

आठ दिवसांपूर्वी त्या लग्नातल्या नवरीचा, शिवकन्येचा फोन आला. मामाला नव्हे, दीपमालाला. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आईचे फोटो होते, पण चालती-बोलती आई कुठंच नव्हती. घरची डीव्हीडी लेकरांनी खेळायला घेऊन मोडली, भुजंगनं धाडलेल्या बाकीच्या कुठं गेल्या कोणाला ठाऊक नाही. मामाकडची असेल तर तिची फाइल करून मोबाईलवर पाठवता येईल का? सगळं लग्न नको. आईचं तेवढं.

दीपमाला घरी बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची, तिला हे काम अवघड नव्हतं. अडचण एकच होती. ती या घरात आली तेव्हा दोन्ही घरांचं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. वंदनाआत्याला तिनं जिवंतपणी पाहिलं नव्हतं. मंडपभर बायांमधून आत्या कोणती, हे दाखवायला कोणीतरी शेजारी बसायला हवं होतं.

"मी बसतो की," बद्रीअण्णा म्हणाले होते. "अन् तिला म्हणावं, आईसंगं मामाचं बी बघ. सोळा वर्षं तुझा बाप काय सांगून राह्यला अन् खरं काय झाल्तं, ते सगळं आलंय त्याच्यात."

खरं काय झालं होतं, ते परतुरात माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. नवरीला मंडपात आणायचा आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचा मान मामाचा. बद्रीनाथ सख्खा मामा, नवी गाडी घेऊन वेळेवर गेला. मंडपाच्या दारात त्याला उतरवून घ्यायला भुजंग आला नाही. मामा दोन तास गाडीत बसून राहिला, कुत्रंसुद्धा फिरकलं नाही, आणि शेवटी मामा म्हणून उभा केला कोण, तर तातेराव! लांबचा चुलतभाऊ, गल्लीत कोणी विचारत नाही असला! अण्णा पाण्याचा थेंब न घेता माघारी आले. पुढं वंदनाच्या मातीला गेले तेव्हाही मागं उभं राहून तसेच परतले.

फाइल तयार व्हायला पाऊण तास लागला. दीपमालानं ती सुरू केली आणि वही-पेन जवळ ओढलं. आत्या दिसली की मिनिट लिहायचं, नंतर तेवढे तुकडे कापून जोडायचे.

पडद्यावर कमळ उमललं आणि त्यातून शिवकन्येचं तोंड बाहेर आलं.

"वा रे वा," अण्णा म्हणाले. "चिखलातून काढली जणू."

मग सफारीतला भुजंग आला. पोट पुढं, हात मागं, निवडणूक जिंकल्यासारखा. मग भुजंगचे भाऊ, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. बुंदीवर तुटून पडलेली पंगत. बँडवाल्यांपुढं नाचणारे, उभ्या जन्मात ज्यांनी बैलाच्या मागं धड पाऊल टाकलं नाही असले. अण्णा एकेकाचं नाव सांगत होते आणि नावाबरोबर त्याची लायकीही. दीपमाला मान हलवत होती.

"आत्या कुठंय, अण्णा?"

"ती बघ. ती पाठमोरी, हिरवं पातळ."

दीपमालानं लिहिलं: बारा मिनिटं वीस, पाठ. मग एकोणतीस मिनिटांवर अक्षतांचं ताट धरलेला हात. एकेचाळिसाव्या मिनिटाला अर्धा गाल, तोही लगेच एका फेटेवाल्यामागं गेला. कॅमेरा फेट्यांच्या मागं मागं फिरत होता आणि वंदना कामाच्या. तासाभराच्या लग्नातून पुरतं अर्धं मिनिटही जमेना.

माईक खरखरला. "नवरीच्या मामांनी नवरीला मंडपात घेऊन यावे. परतूरचे बद्रीनाथराव, कुठं असतील तिथून मंडपात यावे."

दीपमालानं अण्णांकडे पाहिलं.

"माईकवर वरडायला काय जातंय?" ते उसळले. "मान द्यायचा तर समोर येऊन द्यायचा. हे काय, हरवलेलं लेकरू पुकारल्यासारखं!"

माईकनं आणखी दोनदा पुकारलं. कॅमेरा मंडपाबाहेर आला, उभ्या गाड्यांवरून फिरत गेला आणि एका कोऱ्या पांढऱ्या गाडीवर थांबला. पुढच्या सीटवर एक माणूस बसला होता. काळ्याभोर मिशा, मान ताठ, नजर सरळ पुढं.

"थांबव! थांबव तिथंच!" अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "बघ आता. हाय कोणी शेजारी? हाय एक तरी माणूस? हे पाठव आधी शिवकन्याला. अन् म्हणावं, बापाला बी दाखव."

दीपमालानं पुन्हा सुरू केलं. मंडपाकडून हिरवं पातळ आलं. वंदना होती. अनवाणी, पदर सावरत, हातात गुलाबी फेटा. ती गाडीच्या खिडकीशी वाकली आणि फेटा आत धरला. काहीतरी बोलली. आतल्या माणसानं मान वळवली नाही. ती पुन्हा बोलली. मग काच वर जाऊ लागली, आणि तिनं फेटा घाईनं बाहेर ओढून घेतला.

"अण्णा," दीपमाला हळू म्हणाली, "आत्या आल्त्या की घ्यायला."

"ती?" अण्णांना प्रश्नच कळला नाही. "ती तर घरचीच. बहिणीनं येणं म्हंजे काय बोलवणं असतं व्हय? बाईमाणूस येतंच. भुजंगनं यायला पाहिजे व्हतं."

हे त्यांनी आजवर कधी लपवलं नव्हतं. ते सांगण्यासारखं काही आहे, असंच त्यांना वाटलं नव्हतं.

पडद्यावर वंदना वळली आणि तिला कॅमेरा दिसला. ती दचकली. मग पटकन गाडीच्या आडवी येऊन उभी राहिली, काचेकडे पाठ करून.

"माझा भाऊ हाय, दादा," ती कॅमेऱ्यावाल्याला म्हणाली. "डोकं लई दुखून राह्यलंय त्याचं, म्हणून बसलाय. त्याचं नका घेऊ. माझं घ्या."

आणि तिनं कपाळावरचे केस मागं सारले, पदर नीट केला, फेटा दोन्ही हातांत छातीशी धरला आणि फोटोला उभं राहावं तशी न हलता उभी राहिली, हसत. डोळे भरले होते, ते पुसायला तिनं हात काढला नाही. कॅमेऱ्यावाल्यानंही मग तिचं घेतलं. कॅमेरा मंडपात गेला तेव्हा तातेराव नवरीला आणत होता.

गाडीची काच वर होती. आत यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं.

दीपमालानं चित्र थांबवलं आणि मिनिट लिहिलं. पुढं 'समोरून' असं लिहून खाली रेघ ओढली. अण्णा पालथं कव्हर उगाच सुलटं करून बघत होते.

"सगळ्या लग्नात एवढंच एक समोरून हाय," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे न बघता पुढं बोलली, "मी असं करते, गाडीचं सगळं काढून टाकते. आत्या बोलतेत तिथपासून घेते. मागं काच दिसंल फक्त. कोण हाय, काय हाय, कोणाला कळायचं न्हाई."

"हां," अण्णा म्हणाले. "तसंच कर."

तिनं चित्र मागं नेलं. वंदना कॅमेऱ्याकडे वळत होती.

"इथून कापू?"

"जरा मागं घे."

काच वर चाललेली होती. फेटा अजून आतच होता.

"इथून?"

"मागं."

"अण्णा, ह्याच्या मागं तुम्ही दिसता."

"दिसू दे."

तिनं आणखी मागं नेलं. गाडीशी कोणी नव्हतं. आत ताठ बसलेला तो माणूस आणि दूर, मंडपाच्या कनातीतून नुकतं बाहेर पडणारं हिरवं पातळ. दीपमालाचं बोट थांबलं.

"इथून, अण्णा?"

अण्णा पुढं सरकून पडद्याच्या अगदी जवळ आले होते.

"येऊ दे तिला," ते म्हणाले.