केराबाई हिंडतीफिरती

अरे, त्या केराबाईचं ऐकलं का? तिला करमाळ्याला जायचं होतं. धाकट्या भावाच्या पोरीचं, सोनमचं लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि त्यांच्यात पहिली हळद थोरल्या आत्यानंच लावायची. पण केराबाईचा पाय मोडून तीन महिने झालेले, आणि तिचा पोरगा मल्हार अडून बसलेला.

"डॉक्टर काय म्हनले? हिंडतीफिरती झाली की न्या. तू हायस का हिंडतीफिरती?"

"मग काय पडून हाय?"

"खाटेवरनं मोरीपर्यंत जातीस. त्याला हिंडनं म्हनत न्हाईत, आये."

सून ऋतुजा म्हणाली, "काल अंगणात गेल्या की ओ."

"अंगनात कोंबडी बी जाती!"

केराबाई गप्प बसली. आता ती बाई गप्प बसली की सगळ्या गल्लीनं घाबरायचं असतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर खाट रिकामी. काठी न्हाय, विरजणाची वाटी न्हाय. मल्हार बनियनवरच रिक्षा स्टँडपर्यंत पळाला, पळता पळता गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, 'आई सापडंना. कुणी बघितली का?'

लगेच टिंग टिंग!

पार्वतम्मा: 'आत्ताच चहा पिऊन गेली.'

मल्हार तिकडं पळाला, तोवर धुळाप्पा: 'आमच्या शेळीची करडं बघून गेली. एकाचं नाव बी ठिवलं.'

धुळाप्पाच्या दारात पोचतोय तर प्रतिक्षा: 'माझ्या चपात्या जाड होतात म्हणून सांगून गेल्या.'

आणि नवनाथ: 'लगीन कवा करतोस म्हनत होत्या. त्यांना धरा की कुणीतरी!'

मल्हार आपला प्रत्येक ठिकाणी एक घर मागं. शेवटी धापा टाकत घरी आला, तर केराबाई ओट्यावर बसलेली, मांडीवर विरजणाची वाटी.

"दम लागला व्हय रं? बस हितं."

"कुटं गेलतीस?"

"विरजन आनाय."

"चार घरं फिरून?"

"मग! सकाळच्या पारी चार घरचं कळलं, तर ती बाई हिंडतीफिरती. मोरीपर्यंत काय, पानी बी जातं!"

आतून ऋतुजा तोंडाला पदर लावून, "फ्रीजमधी होतं की विरजण, आत्या."

मल्हारनं डोक्यावर हात मारला. मग मोबाईल काढला आणि ग्रुपवर लिहिलं, 'सापडली. परवा करमाळ्याला कुणाची गाडी चाललीय का? आईला हळदीला न्यायचंय.'

नवनाथचं उत्तर आलं, 'माझी चाललीय. पण त्यांना मागच्या सीटवर बसवा.'

केराबाई म्हणाली, "म्होरंच बसनार म्हनून लिव्ह."